रंगांच्या रेणूंचं कुलूप उघडणारा माणूस

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन केलंय ना? मग फेनॉल्फ्थॅलिन तुमच्या ओळखीचं आहे. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला की फ्लास्क एकदम गुलाबी होतो. आता तुमच्या कंपासमधला पिवळा-हिरवा हायलायटर आठवा. त्याची रेघ नुसती रंगीत नसते, ती चमकते. आतून दिवा लावल्यासारखी.

गंमत अशी, की फेनॉल्फ्थॅलिनचा एक सख्खा भाऊ असाच चमकतो. त्याचं नाव फ्लुरोसिन. जर्मनीच्या अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये दोन्ही बनवले. थॅलिक अनहायड्राइड आणि फिनॉल एकत्र तापवलं की फेनॉल्फ्थॅलिन मिळतं. फिनॉलच्या जागी रिसॉर्सिनॉल घेतलं की फ्लुरोसिन. दोघांच्या रचनेत मोठा फरक एकच. फ्लुरोसिनमध्ये दोन वलयांना जोडणारा ऑक्सिजनचा एक पूल आहे, फेनॉल्फ्थॅलिनमध्ये तो नाही. एका अणूचा पूल, आणि एक भाऊ अंधारात तर दुसरा उजेडात!

हे असं का होतं, ते आज समजून घेऊच. पण त्यासाठी आधी एका माणसाची ओळख करून घ्यावी लागेल. रंगांच्या रेणूंचं सगळं जग या माणसाने भारतात बसून कागदावर मांडलं. रशियन शास्त्रज्ञांनाही त्याच्या पुस्तकाचं भाषांतर करून घ्यावं लागलं. त्याचं नाव कृष्णस्वामी वेंकटरामन. ओळखीचे लोक त्यांना केव्ही म्हणत.

कापूस आपला, रंग त्यांचा

तुम्ही वरवट बकालचे असाल, संग्रामपूरचे, शेगावचे किंवा खामगावचे, तर या गोष्टीची सुरुवात तुमच्या शेतात आहे असं समजा. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस इंग्रजांना हवा होता. तो नेण्यासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आले होते. इथली पऱ्हाटी वेचायची, गाठी बांधायच्या, मुंबईला न्यायच्या, जहाजात भरायच्या. तिकडे लँकेशायरच्या गिरण्यांत कापड विणलं जायचं, आणि त्या सगळ्या धंद्याची राजधानी होती मँचेस्टर.

पण नुसतं कापड विणून भागत नाही. ते रंगवावं लागतं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने, हो, तुमच्याच वयाच्या, डांबरापासून मिळणाऱ्या रसायनातून जांभळा रंग बनवला. पुढे जर्मन कंपन्यांनी या विद्येत सगळ्यांना मागे टाकलं. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपली नीळ कवडीमोल झाली. म्हणजे बघा, कापूस आपला, कष्ट आपले, पण रंगाचं गुपित परदेशी कंपन्यांच्या कपाटात.

केव्ही जन्मले त्या जगात. ७ जून १९०१, मद्रास. वडील सिव्हिल इंजिनिअर. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, विषय रसायनशास्त्र. १९२३ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते निघाले, कुठे? मँचेस्टरलाच. ज्या शहरात आपला कापूस जात होता, त्या शहरात हा मुलगा रंग शिकायला गेला.

तिथे त्यांना गुरू भेटले रॉबर्ट रॉबिन्सन. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फुलापानांतले रंग रेणूच्या पातळीवर कसे बांधलेले असतात, हा रॉबिन्सन यांचा आवडता विषय. केव्हींना तिथे फ्लेव्होन या कुळाची ओळख झाली. फुलांच्या पाकळ्यांत, सालीत, पानांत सापडणारी ही पिवळसर संयुगं. हे कूळ त्यांना आयुष्यभर सोडून गेलं नाही.

लाहोरची लॅब

डॉक्टरेट घेऊन केव्ही परतले. काही काळ बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काढला आणि मग लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवायला लागले. फाळणी अजून लांब होती. तिथे कॉलेज सांभाळून त्यांनी संशोधन सुरू ठेवलं.

तिथेच १९३३-३४ च्या सुमारास एच. एस. महाल यांच्यासोबत त्यांनी एक अभिक्रिया मांडली. त्याच वेळी इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनाही तीच सापडली होती, स्वतंत्रपणे. म्हणून ती बेकर-वेंकटरामन पुनर्रचना या नावाने ओळखली जाते. एमएस्सीला असाल तर नेम रिॲक्शन्सच्या यादीत पाठ केली असेल. पाठ करायची सोडा, जरा समजून घ्या, सोपी आहे.

एका रेणूत एक गट ऑक्सिजनला लटकलेला असतो. अल्कली घातलं की तो गट ऑक्सिजनला सोडून शेजारच्या कार्बनवर उडी मारतो. जागा बदलली, बस्स. पण त्या उडीमुळे अशी साखळी तयार होते की नुसतं आम्ल घातलं तरी तिची दोन टोकं जुळतात आणि वलय बंद होतं. तयार होतं फ्लेव्होन. मोकळी साखळी होती, तिचं कुलूपबंद वलय झालं. जगभरच्या प्रयोगशाळा आजही फ्लेव्होन बनवायला ही पद्धत वापरतात. आणि शोध लागला कुठे? पदवीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये.

आमच्या कॉलेजात काय होणार, असं कट्ट्यावर बसून म्हणताना हे एकदा आठवा.

रेणू चमकतो तेव्हा नेमकं काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे. रेणूवर उजेड पडला की तो ऊर्जा गिळतो आणि उत्तेजित होतो. त्या अवस्थेत तो फार टिकत नाही. फ्लुरोसिनचंच घ्या, सुमारे ४ नॅनोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या चौपट. तेवढ्यात त्याला ती ऊर्जा कुठेतरी टाकायची असते. रस्ते मुख्यतः दोन. एक, उजेड परत बाहेर टाकायचा. दुसरा, स्वतःच हलून, वळून, थरथरून ती ऊर्जा उष्णता म्हणून घालवायची.

खडबडीत रस्त्याने जाणारी ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. नट-बोल्ट ढिले असतील तर इंजिनाची निम्मी ताकद खडखडाटातच जाते. रेणूचंही तेच. अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस आणि मेल्विन कॅल्विन यांनी १९३९ मध्ये या कल्पनेला ढिल्या बोल्टचीच उपमा दिली होती. फेनॉल्फ्थॅलिनची वलयं एकेरी बंधावर लटकलेली, पंख्याच्या पात्यांसारखी वळू शकणारी. उत्तेजित झालं की ती वळतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून ते गुलाबी दिसतं, पण चमकत नाही. फ्लुरोसिनमध्ये ऑक्सिजनच्या पुलाने दोन वलयं एका सपाट पाटीसारखी जखडली आहेत. वळायला जागाच नाही. मग तो निळा प्रकाश गिळतो आणि हिरवा बाहेर टाकतो. अल्कधर्मी पाण्यात १०० फोटॉन गिळले तर ९० हून जास्त परत देतो!

निळा गिळून हिरवा का? कारण थोडी ऊर्जा वाटेत सांडतेच. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा कमी, म्हणून त्याची तरंगलांबी जास्त. हे १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दाखवलं आणि फ्लुरोसन्स हा शब्दही त्यांचाच.

अजून एक जोडी बघा. मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी ग्रॅम स्टेनिंगमध्ये क्रिस्टल व्हायोलेट वापरलं असेल. गडद जांभळं, पण पाण्यात जवळजवळ चमक नाही. त्याच्या नात्यातल्या ऱ्होडामिनमध्ये मात्र ऑक्सिजनचा पूल आहे, आणि तो झगझगीत चमकतो. आता क्रिस्टल व्हायोलेट ग्लिसरीनसारख्या घट्ट द्रवात टाका. त्याची चमक वाढते! का? घट्ट द्रवात पाती फिरायला अडखळतात. पूल नाही, पण आजूबाजूच्या द्रवानेच रेणूला धरून ठेवलं. ही युक्ती वापरून शास्त्रज्ञ पेशीच्या आतला द्रव किती घट्ट आहे हेही मोजतात.

माटुंग्याची शाळा

१९३४ मध्ये केव्ही मुंबईला आले. मुंबई विद्यापीठाने आदल्याच वर्षी केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग सुरू केला होता. तोच पुढे यूडीसीटी म्हणून गाजला आणि आज आपण त्याला आयसीटी म्हणतो. सुरुवातीला तिथे कापडाचं रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनिअरिंग हेच विषय होते. कारण उघड आहे, मुंबई गिरण्यांची होती. १९३८ मध्ये केव्ही या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. वय अवघं ३७. पुढे विभाग माटुंग्याला गेला. १९५७ पर्यंत तो त्यांनी वाढवला.

कापसाला रंग चिकटतो तोही आकारामुळेच, हे माहीत आहे? कापूस म्हणजे सेल्युलोज, लांब लांब साखळ्या. थेट कापसाला लागणारे रंग बहुतेक लांबट आणि सपाट असतात. ते साखळीला लागून आडवे पडतात आणि घट्ट बसतात. वाकडातिकडा रेणू असेल तर धुतला की निघाला. म्हणजे रंगाच्या कारखान्याला रेणूचा नुसता फॉर्म्युला पुरत नाही, त्याचा आकार माहीत हवा.

याचं घरातलं उदाहरण पांढऱ्या शर्टाचं. जुन्या कपड्यांवर पिवळट झाक येते. आजी नीळ घालायची. नीळ ही झाक फक्त दडवते, कपडा किंचित निळसर करून. राणीपालसारख्या पावडरीचं काम वेगळं. त्यात प्रकाश देणारे रेणू असतात. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण गिळतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून कपडा पांढऱ्याहून पांढरा दिसतो. हल्ली बहुतेक डिटर्जंटमध्ये हे रेणू घातलेलेच असतात.

यातले बरेचसे रेणू स्टिल्बीन कुळातले. त्यांची दोन रूपं असतात. एक सरळ, पसरलेलं, त्याला ट्रान्स म्हणतात. दुसरं मधेच मुडपलेलं, त्याला सिस म्हणतात. अणू तेच, संख्या तीच, फक्त घडी वेगळी. ट्रान्स कापसाला चिकटतं आणि चमकतं. सिस ना नीट चिकटतं, ना चमकतं. अशा पावडरीचं पाणी उन्हात ठेवलं तर ट्रान्सचं सिस होत जातं आणि पावडर वाया जाते. बारावीला सिस-ट्रान्स शिकताना हे कशाला असं वाटलं होतं ना? तुमच्या शर्टाच्या पांढरेपणासाठी!

ज्या पुस्तकाने कपाट उघडलं

दुसरं महायुद्ध संपलं, जर्मनी हरली. आयजी फार्बेन या राक्षसी रंगकंपनीच्या कारखान्यांत दोस्त राष्ट्रांचे तपासनीस शिरले. कुठला रंग कसा बनतो, किती तापमानाला, कुठल्या क्रमाने, याचे अहवाल त्यांनी लिहिले आणि ते प्रसिद्ध झाले. इतकी वर्षं दडवलेली विद्या कागदावर आली. पण कशी? हजारो विस्कळीत पानं. कंपनीच्या सांकेतिक नावांनी भरलेली. वाचून कळेल असा माणूस विरळा.

केव्हींनी ते काम अंगावर घेतलं. अहवाल, पेटंटं, जगभरचे शोधनिबंध वाचून त्यांनी सगळे कृत्रिम रंग रेणूच्या रचनेप्रमाणे लावले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कहून द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज हा दोन खंडांचा ग्रंथ आला. हजाराहून जास्त पानं. रंगाचा धंदा ज्या देशांच्या हातात होता त्यांनीही तो विकत घेतला. रशियात त्याचं भाषांतर झालं. पुढे जगभरच्या तज्ज्ञांकडून प्रकरणं लिहवून घेत त्यांनी १९७० ते १९७८ या काळात आणखी सहा खंड संपादित केले. कपडे पांढरे करणाऱ्या चमकत्या रेणूंनाही त्यात जागा मिळाली.

हे का महत्त्वाचं? कारण विद्या कुलपात असते तोवर तुम्ही फक्त गिऱ्हाईक असता. त्याच काळात गुजरातमध्ये वलसाडजवळ अतुलचा रंगांचा मोठा कारखाना उभा राहिला. १९५२ मध्ये नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. पण कारखान्याला यंत्रांइतकीच माणसं लागतात. रेणू वाचू शकणारी माणसं. ती माटुंग्याच्या वर्गांत तयार होत होती.

पुणे, लाख आणि शेवटपर्यंत लॅब

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. पहिले दोन संचालक परदेशी होते, मॅकबेन आणि फिंच. १९५७ मध्ये केव्ही तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९६६ मध्ये त्यांच्या जागी आले बाळ दत्तात्रेय टिळक, तेही माटुंग्याचे आणि रंगरसायनांतलेच.

पुण्यात त्यांनी आणि ए. व्ही. रामा राव यांनी एक जुनं कोडं सोडवायला घेतलं. पळसासारख्या झाडांवर लाखेचा किडा असतो. त्याच्या लाखेतून एक लाल रंग निघतो, हजारो वर्षं माहीत असलेला. पण त्याच्या रेणूची रचना कुणी नीट सांगितली नव्हती. पुण्याच्या गटाने लॅकाइक आम्लांच्या रचना उलगडल्या. रामा राव पुढे स्वतः मोठे औषध-रसायनतज्ज्ञ झाले.

निवृत्तीनंतर केव्ही घरी बसले नाहीत. एनसीएलमध्येच काम करत राहिले. ग्रंथाचा आठवा खंड निघाला तेव्हा त्यांचं वय होतं ७७. १२ मे १९८१ ला ते गेले. त्यांची एकुलती एक मुलगी धर्मा कुमार. तिने रेणूंऐवजी शेती आणि जमिनीचा इतिहास निवडला आणि देशातल्या अग्रगण्य आर्थिक इतिहासकारांत तिचं नाव घेतलं जातं.

गोष्ट संपलेली नाही

केव्ही ज्या फ्लेव्होनमध्ये रमले, ते स्वतः जेमतेम चमकतं. पण त्याच्या तिसऱ्या जागेवर एक ओएच गट बसवा, आणि कमाल होते. उजेड पडला की त्या ओएचमधला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे पळतो. रेणूचा आकार क्षणभर बदलतो, आणि तो बदललेला रेणू हिरवट-पिवळा प्रकाश देतो. गिळलेला प्रकाश अतिनील, बाहेर आलेला हिरवट-पिवळा, इतकं मोठं अंतर! १९७९ मध्ये प्रदीप सेनगुप्ता आणि मायकेल काशा यांनी हे दाखवलं.

मग सपाट आणि घट्ट म्हणजे नेहमी चांगलं, असं समजायचं का? नाही. सपाट रेणू फार गर्दीत असले की भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसतात आणि चमक विझते. म्हणून दाट फ्लुरोसिन मंद दिसतं आणि पाणी घातलं की उजळतं. उलट २००१ मध्ये बेन झोंग तांग यांच्या गटाला असे पंख्यासारखे वळलेले रेणू सापडले, जे पाण्यासारख्या पातळ द्रावणात चमकत नाहीत आणि गर्दीत अडकले की चमकतात. गर्दीत पाती फिरू शकत नाहीत, म्हणून! नियम तोच, ढिल्या बोल्टचा.

तुम्हाला हे बघायचं असेल तर महागडं यंत्र नको. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळवा. डोळ्यांवर मारू नका, एवढं सांभाळा. रात्री लाइट बंद करून स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद टाका आणि त्यावर टॉर्च मारा, हळद हिरवट-पिवळी चमकेल. मग पाचशेची नोट, धुतलेला पांढरा शर्ट, हायलायटरची रेघ, नीळ लावलेला रुमाल, आणि लॅबमधून सरांना विचारून थोडं गुलाबी फेनॉल्फ्थॅलिन. प्रत्येकाचं निरीक्षण वहीत लिहा आणि प्रत्येक रेणूची रचना शोधून काढा. पूल कुठे आहे, पाती कुठे लटकलीत, ते स्वतः ओळखा.

आणि यातच पुढे शिकावंसं वाटलं तर माटुंगा तितकं लांब नाही. शेगावहून मुंबईची गाडी मिळते. आणि २०१८ पासून आयसीटीचा एक कॅम्पस आपल्या शेजारच्या जालन्यातही आहे. केव्हींना रंग शिकायला समुद्र ओलांडून मँचेस्टर गाठावं लागलं होतं. तुम्हाला फक्त जिल्ह्याची हद्द ओलांडायची आहे.